ऑक्टोबरचा तिसरा शनिवार: स्वीटेस्ट डे ला कुणाला द्यायचं, काय करायचं, कसं पोचवायचं

आम्ही ओहायोत राहायला आलो त्याचं दुसरंच वर्ष होतं. ऑक्टोबर होता, झाडं लालपिवळी झालेली, शनिवारी सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं तर शेजारच्या आजी उभ्या, हातात छोटासा पांढरा डबा, वर रिबीन, आणि म्हणाल्या हॅपी स्वीटेस्ट डे. मला कळेचना हा कुठला डे, कारण हॅलोविनला अजून दोन आठवडे होते आणि व्हॅलेंटाईन तर फेब्रुवारीत. डब्यात चार बकाय होते, म्हणजे शेंगदाण्याच्या गोळ्या चॉकलेटमध्ये बुडवलेल्या. या देशात आल्यापासून कुणी शेजारी आपणहून आमच्या दारात खाऊ घेऊन आलंय असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि मला एकदम आमच्या वाड्यातली संक्रांत आठवली, ताटलीवर क्रोशाचा रुमाल टाकून तिळगूळ घेऊन घरोघरी जायचो ती. तेव्हापासून आमच्याकडे हा दिवस दरवर्षी होतो, आता दहाबारा वर्षं झाली. मिडवेस्टमध्ये नवीन आलेले मराठी लोक दर ऑक्टोबरला विचारतात की हे काय असतं आणि नक्की करायचं काय, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

आधी तारीख. स्वीटेस्ट डे ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, म्हणजे १५ ते २१ च्या मध्ये कधीतरी. २०२५ ला १८ ऑक्टोबरला आला होता आणि नेमकी त्याच दिवशी आपली धनत्रयोदशी होती, त्यामुळे फराळाचेच डबे भरून दिले. २०२६ ला १७ ऑक्टोबर आहे, म्हणजे नवरात्र चालू असेल, त्यामुळे मराठी घरी डबा देणार असाल तर उपास आहे का ते आधी विचारून घ्या. २०२७ ला १६ तारीख. सरकारी सुट्टी वगैरे काही नसते, पोस्ट चालू, दुकानं चालू. आणि हा दिवस मुख्यतः ओहायो, मिशिगन, इलिनॉय, इंडियाना, विस्कॉन्सिन इकडचाच आहे, कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमधल्या मैत्रिणीला शुभेच्छा दिल्यात तर ती विचारणार की हे काय नवीन.

हा दिवस आला कुठून

हे सांगणं गरजेचं आहे कारण पुढे डबा कुणाला द्यायचा ते यावरच ठरतं. सुरुवात झाली क्लीव्हलंडमध्ये, ८ ऑक्टोबर १९२१ ला. शहरातल्या मिठाईवाल्यांनी बारा जणांची एक कमिटी केली, सी. सी. हार्टझेल तिचे प्रमुख, आणि त्या दिवशी त्यांनी वीस हजारांच्या वर कँडीचे डबे वाटले. कुणाला वाटले तर रस्त्यावर पेपर विकणाऱ्या पोरांना, अनाथ मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आणि गरिबांना. सुरुवातीच्या काळात थेडा बारा आणि अॅन पेनिंग्टन या तेव्हाच्या नावाजलेल्या नट्यांनीसुद्धा डबे वाटले. धंदा वाढावा हा मिठाईवाल्यांचा हेतू होताच, ते काही लपलेलं नाही, पण डबे गेले ते ज्यांना कुणी डबा देत नाही त्यांच्याकडे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एक गोष्ट खूप ठिकाणी छापलेली दिसेल, की हर्बर्ट बर्च किंग्स्टन नावाच्या कँडी कंपनीतल्या एका भल्या माणसाने एकट्याने हे सुरू केलं, पण त्या वेळच्या पेपरात सगळा कारभार मिठाईवाल्यांच्या कमिटीचाच दिसतो, म्हणून मुलांना सांगताना कमिटीचीच गोष्ट सांगा.

पुढे हळूहळू हा दिवस नवराबायको आणि प्रेमी लोकांचा झाला, कार्ड, फुलं, बाहेर जेवण. त्यात वाईट काही नाही, आम्हीही एकमेकांना काहीतरी देतो. पण आमच्या घरात एक नियम आहे आणि तुम्हीही तो पाळावा असं मला मनापासून वाटतं: पहिला डबा अशा माणसाचा, ज्याला त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून काही येणार नाही. घरातल्यांचे डबे त्याच्यानंतर. बाकी सगळं तुमच्या सोयीने करा.

तीन आठवडे आधी: नावं काढा

सप्टेंबरच्या शेवटी एक कागद घ्या आणि नावं लिहा. माझी यादी साधारण अशी असते: शेजारच्या आजी (आता त्यांचे यजमान नाहीत, आणि आता डबा आमच्याकडून त्यांच्याकडे जातो), आमच्या रस्त्यावर टपाल टाकणाऱ्या बाई, मुलांच्या बसचे ड्रायव्हर काका, लायब्ररीत मुलांच्या सेक्शनला बसतात त्या, समोरच्या घरातला एकटा राहणारा विद्यार्थी, आणि यावर्षी नुकतं आलेलं एखादं भारतीय कुटुंब. मग नवरा, मुलं, नणंद. दहाबाराच्या वर जाऊ नका, कारण तेराव्या डब्यापासून ते काम वाटायला लागतं आणि चिठ्ठी लिहायचा कंटाळा येतो, आणि चिठ्ठीशिवाय डबा म्हणजे नुसतं दुकानातलं पाकीट. बारा डबे घरी केले तर आमचा खर्च चाळीस डॉलरच्या आसपास जातो, त्यात सगळ्यात महाग पडतं तूप आणि सुकामेवा.

नावं झाली की प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: काय चालत नाही, डबा कसा पोचणार, आणि त्या माणसाबद्दलची एक ओळ जी चिठ्ठीत जाईल. काय चालत नाही हे विचारायला लाजू नका. अमेरिकेत याबद्दल विचारलं की लोकांना बरंच वाटतं. अन्नाच्या पाकिटावर ज्यांचं नाव लिहावंच लागतं अशा इथे नऊ गोष्टी आहेत: दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळसुद्धा. म्हणजे आपली तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की, काजूकतली हे सगळं त्यात येतं. आपल्याला वाटतं किती साधा पदार्थ, पण एखाद्या पोराला त्याने दवाखान्यात न्यायची वेळ येते. ज्याला शेंगदाणा चालत नाही त्याच्यासाठी घरी करत असाल तर त्याचं सगळ्यात आधी करा, ओटा आणि भांडी धुवून, शेंगदाण्याचा डबा कपाटातून बाहेर काढायच्याही आधी. आणि ॲलर्जी खूप जोरदार असेल तर घरचं देऊच नका, सीलबंद पाकीट द्या ज्यावर सगळं लिहिलेलं आहे, त्यात आपला कमीपणा काही नाही.

डायबेटिस असलेल्यांसाठी शुगरफ्री चॉकलेटचा मोठा पुडा नेऊ नका, त्यातल्या बऱ्याचशांमध्ये माल्टिटॉल असतं, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. त्यापेक्षा चांगलं डार्क चॉकलेट दोन तुकडे आणि भाजलेले बदाम, आणि सोबत एखादं सुंदर सफरचंद, ऑक्टोबरमध्ये इथली सफरचंदं वर्षातली सगळ्यात चांगली असतात.

काय करायचं: बकाय

ओहायोत असाल तर बकाय यायलाच हवेत. बकाय हे इथलं राज्यवृक्ष, त्याची बी तपकिरी चकचकीत आणि वर एक फिकट डाग, हरणाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून ते नाव. खरी बी विषारी असते, मुलांना पार्कमधून गोळा करू द्या पण तोंडात घालू देऊ नका. खायचा बकाय म्हणजे त्या बीसारखी दिसणारी मिठाई, आणि खरं सांगू का, आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाचा तो चुलतभाऊच आहे, त्यामुळे आपल्या हाताला तो पहिल्याच वेळी जमतो.

प्रमाण, साधारण ४५ ते ५० नग: पीनट बटर दीड कप, लोणी म्हणजे इथलं बटर एक कांडी (अर्धा कप, ११३ ग्रॅम) बाहेर ठेवून मऊ झालेलं, पावडर शुगर एक पाउंड म्हणजे ४५० ग्रॅम, व्हॅनिला एक चमचा, बटर अनसॉल्टेड असेल तर चिमूटभर मीठ. वरून लावायला चॉकलेट चिप्सचं १२ औंसाचं एक पाकीट आणि एक टेबलस्पून खोबरेल तेल, खायचं. पीनट बटर साधं गुळगुळीत घ्या, ज्यावर तेल तरंगतं ते नॅचरलवालं घेतलं तर गोळ्या बसतात आणि तेल सोडतात, मी दोनदा केलंय ते आणि दोन्ही वेळा अर्ध्या गोळ्या चपट्या झाल्या.

बटर आणि पीनट बटर एकत्र फेटा, मग साखर तीन भागात घाला, शेवटी हातानेच मळावं लागतं. लाडू वळतो तसा एक गोळा वळून बघा, भेगा पडल्या तर एक चमचा पीनट बटर अजून, हाताला चिकटलं तर थोडी साखर अजून. साधारण इंचभराच्या गोळ्या वळा, बटर पेपरवर ठेवा आणि फ्रीजरमध्ये अर्धा तास. हे अर्धा तास गाळू नका, गोळी गार नसेल तर गरम चॉकलेटमध्ये टाकली की विरघळते.

चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर तीस तीस सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं, थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, उरलेले ढवळून विरघळतात. भांडं आणि चमचा खडखडीत कोरडे हवेत, पाण्याचा एक थेंब गेला तरी चॉकलेटचा गोळा होतो आणि मग ते परत येत नाही. खोबरेल घातलं की पातळ होतं आणि चांगलं चढतं. गोळीत टूथपिक खोचा, बुडवा, वरचा पैशाएवढा गोल मोकळा ठेवा, जास्तीचं झटकून बटर पेपरवर ठेवा. टूथपिक काढल्यावर भोक राहतं ते बोटाने हलकेच पुसून घ्या, हे काम मुलांना द्या. एका वेळी फ्रीजरमधून दहाच गोळ्या काढा. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात हे दोन आठवडे आरामात राहतात, म्हणून बकाय आदल्या वीकेंडलाच करून ठेवता येतात.

शेंगदाणा नको असेल तर सूर्यफुलाच्या बियांचं बटर मिळतं, त्याचेही होतात, चव थोडी कडसर लागते म्हणून मीठ आणि व्हॅनिला जरा सढळ.

बेसनाचे लाडू, इथल्या सामानात

प्रत्येक डब्यात एक तरी गोष्ट आपली जायला हवी असं मला वाटतं, कारण शेजाऱ्याला चॉकलेट कुठेही मिळतं, बेसनाचा लाडू फक्त तुमच्याकडून मिळणार. आणि लाडू टिकतो, प्रवासाला चालतो, गहू नाही, अंडं नाही. फक्त दूध-तूप आहे आणि काजू लावला तर सुकामेवा, तो मी वरून लावतच नाही, एका बदामासाठी अर्धी यादी गळते.

दोन कप जाडसर बेसन, इंडियन स्टोअरमध्ये लाडू बेसन म्हणून वेगळं मिळतं. पाऊण कप तूप. एक कप साखर, आणि इथे लक्ष द्या, ती इथली पावडर शुगर घेऊ नका, तिच्यात कॉर्नस्टार्च असतो, लाडू खाताना टाळूला पीठ चिकटल्यासारखं लागतं, पहिल्या वर्षी मला कळेचना चव कुठे बिघडली. साधी साखर मिक्सरला वेलदोड्याबरोबर फिरवा. बेसन तुपावर अगदी मंद आचेवर पंचवीस तीस मिनिटं, ढवळणं थांबवायचं नाही, आधी ते घट्ट होतं मग एकदम सैल पडतं आणि तूप सुटायला लागतं आणि घरभर वास सुटतो, रंग खरपूस बदामी आला की एक टेबलस्पून दुधाचा हबका मारा, फसफसून वर येईल, ते पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, त्याने रवाळ होतं. इथल्या इलेक्ट्रिक शेगडीवर बंद केल्यावरही भांडं बराच वेळ तापलेलं राहतं आणि बेसन खाली लागतं, म्हणून लगेच दुसऱ्या ताटात काढा. कोमट झालं की साखर, गरम असताना घातली तर साखर विरघळून सगळं पातळ होतं. अठरावीस लाडू होतात, बाहेरच्या डब्यात दोन आठवडे चांगले राहतात.

अमेरिकन माणसाला आपल्या मापाचा लाडू मोठा पडतो. मी आता सुपारीपेक्षा थोडा मोठा करते आणि कागदी वाटीत ठेवते. आणि चिठ्ठीवर लिहायचं की हे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, तूप, साखर आणि वेलदोडा आहे, कारण न ओळखलेली गोष्ट लोक तोंडात घालत नाहीत, संकोचाने डब्यात तशीच राहते.

कॅरमल ॲपल, वेळ असेल तरच

दिसायला सगळ्यात भारी, पण काम आहे आणि टिकत नाही. आंबट हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्या, आठ ते दहा, छोटी. दुकानातल्या सफरचंदावर मेणाचा थर असतो आणि त्यावर कॅरमल घसरतं, म्हणून उकळत्या पाण्यात पाचदहा सेकंद बुडवून लगेच फडक्याने घासून पुसा, पूर्ण कोरडी करा, मगच काडी खोचा. बागेतून तोडून आणलेली असतील तर नुसती धुवून पुसली तरी चालतात. एक कप बटर, दोन कप ब्राऊन शुगर, एक कप कॉर्न सिरप आणि कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर सतत ढवळत शिजवा, थर्मामीटरवर २४५ फॅरनहाईट म्हणजे ११८ सेल्सियस आलं की बंद. थर्मामीटर नसेल तर आपला गोळीबंद पाक बघतो तसंच, गार पाण्यात थेंब टाकला की घट्ट गोळी व्हायला हवी. दोनतीन मिनिटं थांबून सफरचंद बुडवा आणि तूप लावलेल्या बटर पेपरवर ठेवा. पातेल्याजवळ मुलं नकोत, हा पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि फार भाजतं.

आणि ही सफरचंदं ओट्यावर ठेवू नका. २०१४ च्या शेवटी इथे कॅरमल ॲपलमधून लिस्टेरियाची साथ झाली होती, लोक दगावले, काडी खोचल्यावर आतला रस बाहेर येऊन कॅरमलखाली साठतो आणि बाहेरच्या उबेत जंतू वाढतात. आदल्या दिवशी करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी द्या आणि देताना सांगा की आजउद्यात संपवा. गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मी हे देतच नाही.

खव्याची बर्फी, पेढे, रसमलाई याच्या नादाला इथे लागू नका, डबे दुपारभर गाडीत फिरतात.

विकत आणायचं असेल तर

सगळ्यांना वेळ नसतो, लहान बाळ असतं, शिफ्ट असते. मग मोठ्या दुकानातल्या हॅलोविनच्या केशरीकाळ्या पाकिटांकडे न जाता जुन्या गावच्या चॉकलेटवाल्याकडे जा. क्लीव्हलंडकडे मॅलीज आहे, १९३५ पासूनचं. डेट्रॉइटकडे सँडर्स, ते तर १८७५ चं, शिकागोकडे फॅनी मे, १९२० चं. अर्धा पाउंड घ्या, घरी छोट्या डब्यात चारचार तुकडे लावा, सोबत एक लाडू, झालं. लाल बदामाच्या आकाराचे डबे ऑक्टोबरमध्ये शोधत बसू नका, दुकानं तोवर भुताखेतांनी भरलेली असतात.

पॅकिंग आणि चिठ्ठी

अर्धा पाउंडाचे साधे पांढरे पुठ्ठ्याचे कँडी बॉक्स आणि कागदी वाट्या क्राफ्टच्या दुकानात बेकिंगच्या रॅकवर मिळतात, पण आधी मागवून ठेवा. एका डब्यात चार बकाय, दोन लाडू, तेवढंच. गच्च भरलेला डबा चांगला दिसत नाही आणि चॉकलेटला लाडवाचा वेलदोड्याचा वास लागतो, म्हणून मध्ये बटर पेपरची भिंत करा. तूप कागदाला डाग पाडतं, तळाला दुहेरी कागद. वर सुतळी आणि अंगणातलं एखादं लाल मेपलचं पान, वहीत दोन दिवस दाबून सपाट केलेलं. दसऱ्याला आपण आपट्याचं पान देतो, मुलांना मी हे पान त्याच्याशी जोडून सांगते, त्यांना ते चटकन पटलं.

चिठ्ठी दोनतीन ओळींची, हाताने लिहिलेली. त्यात त्या माणसाने केलेली एक नेमकी गोष्ट हवी. "थँक यू फॉर एव्हरीथिंग" असं लिहू नका. टपालवाल्या बाईंना मी लिहिलं होतं की फेब्रुवारीत बर्फ होता तेव्हा तुम्ही पार्सल ओलं होऊ नये म्हणून गॅरेजच्या आत ठेवलंत, ते माझ्या लक्षात आहे. बाई दुसऱ्या दिवशी मुद्दाम बेल वाजवून भेटायला आल्या. चिठ्ठीच्या मागे घटक लिहा, सगळे.

पोचवताना

इथे काही गोष्टी नवीन आलेल्यांना माहीत नसतात. पहिली म्हणजे शेजाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये डबा ठेवू नका, अमेरिकेत तिकीट न लावलेली वस्तू मेलबॉक्समध्ये टाकणं कायद्याने चालत नाही. दारावर द्या किंवा पायरीवर ठेवून मेसेज करा, पायरीवर ठेवला तर खारी पाच मिनिटात शोधतात, तेव्हा टिनच्या डब्यात ठेवा. दुसरी म्हणजे टपाल कर्मचाऱ्यांना एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू घेता येते आणि एका घराकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंत, रोख पैसे अजिबात नाहीत. खाऊचा छोटा डबा त्यात आरामात बसतो. शाळेत पाठवायचं तर आधी टीचरना विचारा, बऱ्याच शाळांत वर्गात वाटायला घरचं चालत नाही, टीचरचा स्वतःचा डबा वेगळा.

तिसरी म्हणजे मॅच. ऑक्टोबरातला शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल, आणि ओहायो स्टेटची मॅच असेल त्या तीन तासात कुणाचं दार वाजवू नका, वेळ आधी बघून ठेवा. आम्ही सकाळी दहा ते साडेअकरा फिरतो, मुलं बरोबर असतात, पहिला डबा आजींचा.

म्हाताऱ्यांच्या केंद्रात नेणार असाल तर, आणि जमलं तर नक्की न्या, मुळात हा दिवस त्यांचाही होता, आधी फोन करून नर्सेसच्या डेस्कवर विचारा. तिथे बऱ्याच जणांना साखर चालत नाही आणि काहींना गिळायला त्रास असतो, त्यांना कोरडा लाडू ठसक्याने घशात अडकू शकतो. कुणाला काय द्यायचं ते नर्स सांगतात. आमच्या गावातल्या केंद्रात आम्ही खाऊ कमी आणि वेळ जास्त नेतो, मुलं चिठ्ठ्या वाचून दाखवतात. पहिल्या वर्षी एक आजोबा म्हणाले की लहानपणी मी पेपर टाकायचो, आणि मग अर्धा तास त्या सायकलीबद्दलच बोलत राहिले. डबा त्यांनी उघडलाच नाही, मांडीवर धरून बसले होते.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी टाका म्हणजे शनिवारच्या आत पोचतं आणि वीकेंडला गोदामात पडून राहत नाही. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा असल्या उन्हाच्या ठिकाणी ऑक्टोबरमध्येही चॉकलेट वितळतं, तिकडे लाडूच पाठवा, एकेक लाडू प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डब्यात रिकामी जागा न ठेवता कागद कोंबून. भारतात आईबाबांना इथून खाऊ पाठवायचा खटाटोप करू नका, त्यांच्या गावातल्याच त्यांच्या आवडत्या दुकानात फोन करून किंवा भावाला सांगून घरी पोचवा आणि त्या वेळी व्हिडिओ कॉल करा. ऑक्टोबरमध्ये आपण साडेनऊ तास मागे असतो, म्हणजे इथे सकाळचे नऊ तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा, दिवेलागणीची वेळ, आई घरीच असते.

घरातल्यांसाठी

हे मी शेवटी लिहितेय कारण हे सगळ्यात सोपं आहे. संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं तर टेबल आधी बुक करा, त्या शनिवारी बरी हॉटेलं भरलेली असतात. आम्ही जात नाही, दिवसभर फिरून दमलेलो असतो. खिचडी टाकते, मुलं झोपली की उरलेल्या बकायमधले दोन आणि गरम ॲपल सायडर, त्यात दालचिनीचा तुकडा आणि दोन लवंगा. मुलांच्या उशीखाली एकेक चिठ्ठी असते, त्यांनी या वर्षात केलेली एक चांगली गोष्ट लिहून. मोठ्या मुलाने त्या सगळ्या बुटाच्या खोक्यात जपून ठेवल्यात हे मला मागच्या उन्हाळ्यात त्याची खोली आवरताना कळलं.

रात्रीच कागद काढून कुणाला काय आवडलं, कुठला डबा जास्त झाला, कुणाकडे नवीन पाहुणे आलेत ते खरडून ठेवा, पुढच्या सप्टेंबरला उपयोगी पडतं. आणि उरलेले बकाय घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये टाका, थँक्सगिव्हिंगपर्यंत छान राहतात, फक्त खायच्या आदल्या रात्री डबा न उघडता खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, नाहीतर चॉकलेटवर पाणी सुटतं आणि पांढरे डाग पडतात.